समुद्र उरत नाही, राष्ट्रे उरतात : प्रकटीकरणाचे पुस्तक आणि कोल्हापूर

१/
कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात वीतभरही उंची नसलेली एक कांस्यमूर्ती आहे. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात ती सापडली. सोबत रोमन बनावटीची भांडी आणि आरसाही मिळाला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. कोकणच्या बंदरांवर उतरलेला रोमन जगाचा माल घाट चढून करवीरापर्यंत येत होता, याची ही मूर्ती साक्ष आहे.

२/
रोमचा हा व्यापार भरात असतानाच, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, एजियन समुद्रातील पात्म या लहानशा बेटावर योहान नावाचा एक माणूस ग्रीक भाषेत एक विलक्षण ग्रंथ लिहीत होता. बहुतेक अभ्यासक हा काळ सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीचा मानतात. आपल्या श्रद्धेमुळे आपण या बेटावर आहोत, असे योहान स्वतःच सांगतो. ख्रिस्ती परंपरा त्याला हद्दपारी म्हणते. बायबलमधील हे शेवटचे पुस्तक मराठीत ‘प्रकटीकरण’ या नावाने ओळखले जाते. जगाचा अंत, सात शिक्के, चार घोडेस्वार, समुद्रातून वर येणारे श्वापद ही सारी चित्रे त्यातलीच. या धाग्याचा प्रश्न मात्र एकच आहे : त्या अंतामध्ये जगातील निरनिराळ्या लोकांचे काय होते?

३/
प्रश्न दूरचा वाटेल. पण या ग्रंथात आपला भूभाग अप्रत्यक्षपणे का होईना, उपस्थित आहे. अठराव्या अध्यायात ‘बाबेल’ नावाची महानगरी कोसळते. बाबेल म्हणजे रोम, हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. सात टेकड्यांची खूण पुरेशी होती. नगरी जळताना व्यापारी दूर उभे राहून रडतात, कारण आता त्यांचा माल घेणारे कोणी उरलेले नाही. मग त्या मालाची यादीच येते : सोने, मोती, रेशीम, हस्तिदंत, कांस्य, दालचिनी, सुगंधी द्रव्ये. यातील कित्येक जिन्नस भारताच्या किनाऱ्यांवरून किंवा भारतामार्गे रोमला जात. यादीच्या अगदी शेवटी मात्र एक वेगळीच नोंद आहे : माणसे. गुरे, मेंढरे, घोडे आणि रथ यांच्यानंतर गुलाम म्हणून विकली जाणारी माणसे.

४/
साम्राज्याच्या हिशेबवहीत माणूस हा मालाच्या यादीतला शेवटचा जिन्नस. योहानाचा राग या नोंदीत सामावलेला आहे. आपल्या ग्रंथात त्याने माणसांसाठी दुसरीच यादी घडवली : वंश, भाषा, लोक आणि राष्ट्र. हे चार शब्दांचे सूत्र थोड्याफार फरकाने ग्रंथात सात वेळा येते. या सात वेळांत शब्दांचा क्रम एकदाही तसाच राहत नाही. दोन ठिकाणी तर एखादा शब्द बदलतोही. सात हा आकडा योहानाच्या लेखी पूर्णतेचा. आणि चार दिशांप्रमाणे चार हा आकडा अवघ्या पृथ्वीचा. म्हणजे सूत्राचा अर्थ असा : पृथ्वीवरचे सगळे, कोणीही वगळलेले नाही.

५/
पण या सगळ्यांचे पुढे काय? येथे ग्रंथ वाचकाला कोड्यात टाकतो. पाचव्या आणि सातव्या अध्यायांत प्रत्येक वंशातून आणि भाषेतून आलेले लोक मुक्त झालेले दिसतात. तेराव्या अध्यायात त्याच सर्वांवर श्वापदाची सत्ता चालते. एकोणिसाव्यात राष्ट्रांवर तलवार चालते आणि लोहदंडाचा अंमल येतो. विसाव्यात सैतान राष्ट्रांना पुन्हा भुलवतो, ती वाळूच्या कणांइतक्या संख्येने चाल करून येतात आणि आकाशातून पडलेल्या अग्नीत भस्म होतात.

येथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपत नाही. पुढच्याच अध्यायात नवे यरुशलेम उतरते आणि त्याच्या प्रकाशात राष्ट्रे चालू लागतात.

६/
भस्म झालेली राष्ट्रे पुन्हा चालू कशी लागतात? दोन हजार वर्षे भाष्यकार या सांध्यापाशी थबकले आहेत. काहींच्या मते नष्ट होतात ती केवळ भुललेली सैन्ये, लोक उरतातच. पाचव्या शतकात ऑगस्टीनने असे प्रतिपादले की, या शेवटच्या हल्ल्यातील गोग आणि मागोग म्हणजे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतील अशा जमाती नव्हेत. ती जगभर पसरलेली दुष्प्रवृत्ती आहे.

हे भाष्य ऐकायला सोपे, पाळायला अवघड ठरले.

७/
कारण नकाशावर बोट ठेवण्याचा मोह कोणालाच आवरला नाही. गोग आणि मागोग ही नावे मुळात यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातली. कुराणात तीच याजूज-माजूज म्हणून येतात. रोमन साम्राज्य ढासळत असताना मिलानच्या अँब्रोजने गोग म्हणजे गॉथ, असे जाहीर केले. पुढे हूण आले, मग तेराव्या शतकात मंगोल, नंतर तुर्क. विसाव्या शतकात शीतयुद्धाच्या काळी अमेरिकेतील लोकप्रिय लेखकांनी ते स्थान सोव्हिएत रशियाला दिले. ग्रंथ तोच, यादी तीच. प्रत्येक पिढीने त्यात आपापला शत्रू बसवला. दुसऱ्या लोकांचे भवितव्य ठरवण्याचा अधिकार ग्रंथाने दिला आहे, अशी एकदा समजूत झाली की समोरचा माणूस दिसेनासा होतो.

८/
करवीरालाही अंताची स्वतःची कथा आहे. महाप्रलयात सारे बुडाले असता महालक्ष्मीने आपले आवडते क्षेत्र पाण्यातून वर उचलून धरले आणि त्यावरून ‘करवीर’ हे नाव पडले, अशी परंपरा सांगते. या कथेत वाचते ते एक क्षेत्र. योहानाच्या ग्रंथात जुने कोणतेही क्षेत्र वाचत नाही, आकाश आणि पृथ्वीदेखील नवी होतात. तेथे प्रश्न लोकांचा आहे. या दोन कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोल्हापुरात समोरासमोर आल्या.

९/
१८५२ मध्ये रॉयल गोल्ड वायल्डर हा अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझासह कोल्हापुरात दाखल झाला. त्याआधी काही वर्षे तो अहमदनगरला होता. त्याने शाळा काढल्या, प्रवचने केली. त्याला पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाशी शाळांच्या धोरणावरून त्याचे बिनसले. प्रकृतीच्या कारणाने तो १८५७ मध्ये मायदेशी गेला, तेव्हा बोर्डाने कोल्हापूरचे केंद्रच बंद केले. १८६१ मध्ये तो स्वतःच्या जबाबदारीवर परतला. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेतले. त्याचे नाव आजही कोल्हापुरात ‘वायल्डर मेमोरियल चर्च’मध्ये टिकून आहे.

१०/
तो अनुपस्थित होता त्या काळात कोल्हापुरात काय घडले, हेही शेजारी ठेवून पाहावे. ३१ जुलै १८५७ रोजी येथील २७ व्या पलटणीने उठाव केला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना इंग्रजांनी पुढे कराचीला हद्दपार केले. १८६९ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. साम्राज्याने दूर समुद्रकाठी नेऊन ठेवलेल्या माणसाची व्यथा हा प्रकटीकरणाचा प्राण आहे. पण कोल्हापुरात हा ग्रंथ आला तो साम्राज्याच्या छत्राखाली वावरणाऱ्यांच्या हातून. वायल्डर इंग्रज नव्हता, राज्यकर्ताही नव्हता, आणि त्याच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही ‘बाबेल कोण?’ हा प्रश्न १८५८ च्या कोल्हापुरात एखाद्याने विचारला असता, तर उत्तर मिशनच्या बंगल्यापेक्षा पलटणीच्या छावणीकडे बोट दाखवणारे निघाले असते.

११/
२ ऑगस्ट १८६३ रोजी वायल्डर दांपत्याला कोल्हापुरातच मुलगा झाला : रॉबर्ट पार्मली वायल्डर. त्याचे बालपण या गावात गेले. १८७५ मध्ये कुटुंब अमेरिकेला परतले, रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे शिबिर भरले. २५१ विद्यार्थी जमले होते. शिबिर संपेपर्यंत त्यातील १०० जणांनी परदेशी मिशनकार्याची शपथ घेतली, आणि हे घडवून आणणाऱ्यांत कोल्हापुरात जन्मलेला हा तरुण आघाडीवर होता. त्याची बहीण ग्रेस हीदेखील या प्रेरणेमागे होती. त्यातून १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’ ही चळवळ रीतसर उभी राहिली. पुढील काही दशकांत तिच्यामार्फत सुमारे २० हजार तरुण-तरुणी जगभर गेल्या.

१२/
चळवळीचे ब्रीद होते : याच पिढीत साऱ्या जगापर्यंत शुभवर्तमान. ही घाई कुठून आली? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातील चौदाव्या वचनात तिचे मूळ सापडते. त्याचा आशय असा की, सर्व राष्ट्रांना साक्ष मिळावी म्हणून ही सुवार्ता जगभर गाजवली जाईल आणि मग शेवट होईल. माउंट हर्मनला बोलणारे आर्थर पिअर्सन यांच्यासारखे उपदेशक हे वचन अक्षरशः घेत. ख्रिस्ताचे पुनरागमन राष्ट्रांच्या कानी सुवार्ता पडण्याशी जोडलेले असेल, तर उशीर हा आपला दोष. पिअर्सन यांनी १९०० पर्यंत हे काम पूर्ण होऊ शकेल असे गणित मांडले. थोरल्या वायल्डरने प्रिन्स्टनहून चालवलेले ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिकही १८८७ मधील त्याच्या मृत्यूनंतर पिअर्सन यांच्याच संपादनाखाली वाढले.

१३/
या गणितात कोल्हापूर कुठे बसते? अंशस्थानी पृथ्वीची लोकसंख्या, छेदस्थानी प्रचारकांची संख्या. महाद्वार रोडवरचा फुलवाला, कळंब्याचा कुणबी, गावकुसाबाहेरचा महार, राजवाड्यातला कारकून हे सारे त्या बेरजेत ‘अद्याप न पोहोचलेले’ म्हणून एकसारखे. चळवळीचे नेते जॉन मॉट वारंवार बजावत की, ब्रीदाचा अर्थ सर्वांचे धर्मांतर असा नाही, प्रत्येकाला ऐकण्याची संधी मिळावी एवढाच आहे. खुलासा प्रामाणिक होता. तरीही ऐकणाऱ्याला काही सांगायचे असेल, याची तरतूद या हिशेबात नव्हती. योहानाने साम्राज्याच्या ज्या यादीवर संताप व्यक्त केला होता, तिच्यातही माणूस असाच मोजला गेला होता. हेतू अगदी उलट, पण मोजणीची सवय ओळखीची.

१४/
गंमत अशी की, मत्तयाच्या पुढच्याच, पंचविसाव्या अध्यायात सर्व राष्ट्रे पुन्हा एकदा एकत्र येतात. तेथे न्यायासनासमोर त्यांना विचारले जाते ते वेगळेच : भुकेल्याला अन्न दिले का? परक्याला घरात घेतले का? आजाऱ्याच्या समाचाराला गेलात का? दोन अध्याय, एकाच प्रवचनाचे. पहिल्यात राष्ट्रांनी ऐकायचे आहे, दुसऱ्यात राष्ट्रांनी काय केले ते पाहायचे आहे. दुसऱ्या अध्यायाचा अर्थ या भागाला समजला तो मिरजेत. कोल्हापूरपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, १८९४ मध्ये, त्याच प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले. तेही प्रचारक होतेच. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणूस एकेकटाच येतो, नावगाव आणि दुखणे घेऊन. तेथे त्याला विचारावेच लागते आणि तो सांगेल ते ऐकावेच लागते.

१५/
ऐकण्याची मागणी अखेर भारतातूनच झाली. १९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. अध्यक्षस्थानी जॉन मॉट, प्रतिनिधी सुमारे १२००, त्यांत आशियाई विसांहूनही कमी. तमिळ प्रदेशातून आलेले व्ही. एस. अझरिया बोलायला उभे राहिले. मिशनऱ्यांचा त्याग आणि दातृत्व त्यांनी मान्य केले. आणि मग आम्हाला मित्र द्या, अशी मागणी केली. सभागृहात अस्वस्थता पसरली. ‘राष्ट्रे’ हा ज्यांच्या भाषणांचा विषय होता, त्यांच्यासमोर त्या राष्ट्रांपैकी एक जण उभा राहून बरोबरीची जागा मागत होता. १९१२ मध्ये अझरिया अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले.

१६/
येथे ‘राष्ट्र’ या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एथ्नोस’. त्याचा अर्थ समान चालीरीतींनी बांधलेला जनसमूह. झेंडा, सीमा आणि सैन्य असलेले राज्य नव्हे. मराठी बायबलने त्यासाठी ‘राष्ट्र’ हा शब्द वापरला आणि दरम्यान मराठीत त्या शब्दाचा अर्थच बदलत गेला. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभा स्थापन झाली, पुढे राष्ट्रवाद आला, राष्ट्रसंघ आला. म्हणून आजचा तरुण वाचक प्रकटीकरण उघडतो तेव्हा त्याला तेथे देश दिसतात, आणि कोणता देश कोणते श्वापद ही जुनी कोडी पुन्हा सुरू होतात. योहानाच्या डोळ्यांसमोर देश नव्हते. धनगर, कोळी, कैकाडी, गॉथ, गलाती असे लोक होते.

१७/
आता त्या सांध्याकडे परत येऊ. सतराव्या अध्यायात एक देवदूत योहानाला एक खूण उलगडून सांगतो : महानगरी ज्या पाण्यावर बसलेली दिसते, ते पाणी म्हणजेच लोक, समुदाय, राष्ट्रे आणि भाषा. चार शब्दांचे सूत्र येथे सातव्यांदा येते. पाणी म्हणजे साम्राज्याच्या आसनाखाली दबलेली माणसे. श्वापद निघाले तेही समुद्रातून, आणि माणसांचा व्यापार चालला तोही समुद्रावरून. एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात नव्या पृथ्वीचे वर्णन करताना योहान म्हणतो की, तेथे समुद्र नव्हता. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस राष्ट्रे आहेत.

समुद्र गेला, राष्ट्रे राहिली. कोणाच्या तरी आसनाखालचे पाणी होणे संपले, आणि ते लोक पायांवर उभे राहून प्रकाशात चालू लागले, असा त्या कोड्याचा एक अर्थ लागू शकतो.

१८/
ती रिकाम्या हातांनी येत नाहीत. राष्ट्रांचे वैभव आणि मान नगरीत आणले जाईल, असे योहान लिहितो. एकोणिसाव्या शतकातील प्रचारकांना वाटे की द्यायचे ते आपण द्यायचे आहे. ग्रंथाच्या शेवटच्या पानावर मात्र आणणारे हात राष्ट्रांचे आहेत. मराठी लोक काय आणतील, याचे उत्तर इतिहासात आधीच नोंदले गेले आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यातून ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले ते ओवीत, कारण इथल्या लोकांच्या कानाला ओवीच भिनलेली होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन नेले. ज्ञानेश्वर-तुकारामांनी घडवलेली भाषा, तिची लय, तिचा टाळ हे राष्ट्राचे वैभवच होते.

१९/
आणि भाषा? सूत्रातील चार शब्दांपैकी ‘भाषा’ हा शब्द सातही वेळा येतो. सातव्या अध्यायातील सिंहासनासमोरचा समुदाय एकाच आवाजात बोलतो, पण त्यातील माणसे कोणकोणत्या भाषांची आहेत, हे योहान पुसून टाकत नाही. म्हणून या ग्रंथाला भाषांतर चुकवता आलेले नाही. विल्यम केरी यांच्या पुढाकाराने श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. शंभर वर्षांनंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल पुन्हा मराठीत आणत होत्या. विद्वानांपेक्षा आश्रमातल्या अल्पशिक्षित बायकांना कळावे, ही त्यांची कसोटी होती. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम हातावेगळे केले. दुष्काळातून वाचलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या स्त्रियांच्या तोंडची मराठी त्या भाषांतरात आहे. रोमच्या मालाच्या यादीत त्यांची जागा शेवटची असती.

२०/
बाविसाव्या अध्यायात नदीच्या दोन्ही काठांवर जीवनाचे झाड आहे. त्याची पाने कशासाठी, हे योहान सांगतो : राष्ट्रांच्या आरोग्यासाठी. अंताच्याही पलीकडे राष्ट्रांना अजून जखमा आहेत आणि त्या बऱ्या व्हायच्या आहेत, असे हा ग्रंथ मानतो. एकोणिसाव्या अध्यायाची तलवार उचलणाऱ्यांनी इतिहासात पुष्कळ जागा अडवली. ही पाने उचलणारे थोडे होते, आणि त्यांना बहुधा आजाऱ्याजवळ बसून आधी त्याची भाषा शिकावी लागली.